एका सुरीची जन्मकथा

मराठी शिकवणाऱ्या माणसाने लोहाराकडून सुरी घडवून घेतली, हे ऐकून आमच्या प्राध्यापक-कक्षातली मंडळी आधी मोठ्याने हसली. आणि मग, परीक्षांचे दिवस जवळ आले होते म्हणून असेल, जरा गंभीर झाली. सुरी माणसांसाठी नसून डोंगरासाठी आहे, हे मी परोपरीने सांगितले. तेव्हा एकाने विचारले, "बाजारात मिळत नाहीत काय?" मिळतात. तशी एक माझ्याजवळ होतीही. तिच्यापासूनच ही कथा सुरू होते.

१९८२ साली 'फर्स्ट ब्लड' नावाचा अमेरिकन चित्रपट निघाला. त्यातल्या नायकाची सुरी आर्कान्सा राज्यातले कारागीर जिमी लाइल यांनी घडवली होती. पाठीवर करवतीचे दात, मूठ पोकळ, तिच्या बुडाला फिरकीचे झाकण आणि आत काड्या, सुई-दोरा असा थाट! मूळ सुरी कसबी हातांची होती; पण तिच्या स्वस्त नकलांनी जगभरचे बाजार भरले. माझी सुरी अशीच एक नक्कल होती. झाकणात इवलेसे होकायंत्र असल्यामुळे तर मी तिच्यावर फारच खूश होतो. तीनचार वर्षे ती माझ्या पाठपिशवीतून सह्याद्री हिंडली. तिने काकड्या कापल्या, दोऱ्या कापल्या. तिची परीक्षा मात्र कधी झाली नाही.

ती झाली सप्टेंबर २०१९ मध्ये. आम्ही तिघे हरिश्चंद्रगडावरून खिरेश्वरकडे उतरत होतो. तोलार खिंड मागे पडली, अवघड कातळ संपला, आणि आता काय, उतरलोच, असे म्हणेपर्यंत शेवाळलेल्या दगडावरून माझ्या मित्राचा पाय निसटला. नडगीचे हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. तो आवाज वाळकी काटकी मोडावी तसा असतो, एवढेच सांगतो.

दुपारचे चार वाजले होते. वर पाऊस आणि भोवती धुके. पाय हलू नये म्हणून दोन्ही बाजूंनी काठ्या बांधायला हव्या होत्या. जवळच एक वाळलेले झाड आडवे पडले होते. मी मोठ्या ऐटीने सुरी काढली आणि त्याच्या फांदीवर घाव घालू लागलो. पहिला घाव, दुसरा घाव. तिसऱ्या घावाला पाते मुठीतून निखळले आणि झुडपांत कोठे गडप झाले ते सापडलेच नाही. हातात उरली पोकळ मूठ. उत्तर दिशा कोणती, हे तिच्यावरचे होकायंत्र अगदी बिनचूक सांगत होते!

नशिबाने खालून एक गुराखीबाबा वर येत होते. कमरेला आकडी, आकडीला कोयता. त्यांनी पाहिले, काही विचारले नाही, कारवीच्या वाळक्या, सरळ काठ्या सपासप तोडल्या आणि आपले मुंडासे फाडून पाय असा बांधला, की पुढे डॉक्टरांनीही "कोणी बांधला?" म्हणून विचारले. मग वाडीतून माणसे आणली, दोन बांबू आणि घोंगडीची डोली केली. निघताना बाबांनी माझ्या हातातली मूठ घेऊन कानाशी हलवली. आतल्या काड्या वाजल्या. ते म्हणाले, "सर, ह्ये हत्यार हाय का खुळखुळा?"

मित्राचा पाय बरा झाला. माझ्या कानातला खुळखुळा मात्र थांबेना. दिवाळीच्या सुट्टीत मी कागद, पट्टी, पेन्सिल घेऊन बसलो आणि सुरीचा आराखडा काढू लागलो.

प्रथम वाटले, सरळ कोयताच घ्यावा. तोडण्यासाठी त्याला तोड नाही. पण डोंगरातली बहुतेक कामे तोडण्याची नसतातच. ती दोरी कापण्याची, पट्टी फाडण्याची, ओल्या लाकडाच्या पोटातला कोरडा गाभा काढून ढलप्या सोलण्याची असतात. अभयारण्यात तर ओली फांदी तोडणे हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हाच आहे. शिवाय हत्यारांच्या कायद्याचाही विचार करावा लागतो. घरकामाची नि शेतीची अवजारे सोडली, तर ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याला परवाना लागतो. १९९१ साली आल्प्स पर्वतात बर्फाखाली सुमारे ५,३०० वर्षांपूर्वीच्या एका वाटसरूचा देह सापडला. त्याच्याजवळची गारगोटीची सुरी मुठीसकट अवघी १३ सेंटिमीटर होती! म्हणजे डोंगरात मोठेपणा लागत नाही, हे माणसाला फार पूर्वीच कळले होते. मी पाते ५ इंचांचे ठरवले. पाठीवर करवतीचे दात मात्र हौसेने काढले.

हा कागद घेऊन मी जुन्नर तालुक्यातल्या एका बाजारगावी गेलो. तिथे एक म्हातारे लोहार भाता लावून बसतात. ते सांडशीत लोखंड धरतात, हातोडीने जागा दाखवतात आणि त्यांच्या घरच्या आजी उभ्याने घण घालतात. दोघांत एक शब्द होत नाही. बाबांनी माझा कागद उलटासुलटा पाहिला.

"मास्तर, ह्ये दात कशाला?"

"लाकूड कापायला."

"करवतीला एक दात हिकडं, एक तिकडं असतोय. ह्ये एका रेषंतले दात लाकडात अडकून बसतील. आन् पाठीवर दांडकं हाणायचं म्हनला, तर कुठं हाणाल?"

मी निमूटपणे दात खोडले. सपाट पाठीवर दांडक्याने ठोकत गेले, की छोटी सुरीही मनगटाएवढे लाकूड चिरते, हे त्यांनी तिथल्या तिथे दाखवले. मग पोकळ मूठ गेली. पात्याचे पोलादच अखंड मुठीच्या टोकापर्यंत न्यायचे, दोन्ही बाजूंनी बाभळीच्या फळ्या बसवायच्या आणि तीन रिवेट ठोकायचे, असे ठरले. माझी मूठ गोल होती, ती लंबगोल झाली. कारण गोल मूठ हातात फिरते आणि अंधारात धार कोणीकडे आहे ते समजत नाही. टोकाशी तिला किंचित फुगीर केले, म्हणजे ओल्या हातातून निसटायची नाही. अशा रीतीने, आराखडा म्हणजे काय काय घालायचे याची यादी, हा माझा समज तासाभरात पुसला गेला. बाबा प्रत्येक वेळी काहीतरी काढूनच टाकत होते.

पोलाद होते ट्रकच्या जुन्या कमानपाट्याचे. खड्ड्यांतून टनावारी ओझे झेलायचे आणि पुन्हा सरळ व्हायचे, हा त्याचा जन्मधर्म. त्यात शंभर भागांत अर्ध्याहून थोडा अधिक कर्ब असतो. तो आहे म्हणून ते कडक करता येते. पाते ठोकून, कानशीने घासून ४ मिलिमीटर जाडीचे झाले. मग ऊन उतरेपर्यंत बाबा थांबले. लख्ख उजेडात तापलेल्या लोखंडाचा रंग फसवतो म्हणे. मी मुलीच्या खेळण्यातले चुंबक नेले होते. पोलाद सुमारे ७७० अंश सेल्सिअसला तापले, की त्याला चुंबक चिकटत नाही, हे मी वाचलेले. बाबा नुसत्या डोळ्यांनी "झालं" म्हणाले. मी चुंबक तारेने टेकवून पाहिले, तर ते खरोखरच चिकटेना! पाते चर्र आवाज करीत तेलात गेले. नंतर त्यावर कानस फिरवली, तर ती काचेवरून घसरावी तशी घसरली.

"झाली तर सुरी!" मी म्हणालो.

बाबांनी उत्तर दिले नाही. त्याच पाट्याचा एक तुकडा त्यांनी तसाच तापवून विझवला होता, तो ऐरणीवर धरून हातोडी मारली. त्याचे दोन तुकडे झाले.

"नुसतं पाणी दिलं की ह्ये असं. कडक झालं, पर मोडतंय. आता त्यातलं थोडं परत काढायचं."

त्यांनी पाते घासून चकचकीत केले आणि पाठीच्या बाजूने निखाऱ्यांवर धरले. पोलादावर रंग चढू लागले. पिवळसर, गव्हाळी, तपकिरी, मग पाठीकडे जांभळा आणि निळा. हे रंग साधारण २०० ते ३०० अंशांत उमटतात. धारेवर गव्हाळी रंग पोहोचला मात्र, बाबांनी पाते झटकन थंड केले. धार कडक राहिली, पाठ लवचीक झाली. लाकडाच्या खाचेत टोक अडकवून त्यांनी पाते वाकवले. ते वाकले आणि पुन्हा सरळ झाले.

'पाणीदार' हा शब्द मी वीस वर्षे वर्गात शिकवतो आहे. लक्षणा म्हणून सांगतो, उदाहरणे देतो. त्या दिवशी कळले, की पाणी देणे हे अर्धेच काम. दिलेल्या पाण्यातले किती परत काढायचे, हे ज्याला कळते तोच खरा कारागीर. घरी वाढती मुले असणाऱ्या आईबापांनी यावर थोडा विचार करावा, मी केला.

कारण गेल्या पावसाळ्यात आमची कन्या मैत्रिणींबरोबर पहिल्यांदाच एकटी गडावर निघाली. सौ.चा जीव थाऱ्यावर नव्हता आणि माझा होता असेही नाही. "नको जाऊस" हे शब्द माझ्या ओठांवर आले होते. पण तो ऐरणीवर मोडलेला तुकडा आठवला. मग आठ दिवस मी तिला गॅलरीत बसवून शिकवले. धार नेहमी अंगापासून दूर चालवायची, सुरी देताना मूठ पुढे करायची, काम झाले की आधी म्यानात. शेवटी सुरी तिच्या पिशवीत घातली.

दुसऱ्या दिवशी रात्री ती चिखलाने माखून परतली. मी शक्य तितक्या सहजपणे विचारले, "सुरी लागली का गं?"

"हो बाबा. पेरू कापले."

इतके आनंदाचे उत्तर मी कोणत्याही तोंडी परीक्षेत ऐकलेले नाही. सुरी पुसून, तेल लावून मी जागेवर ठेवली. तिच्याशेजारीच ती जुनी पोकळ मूठही आहे. होकायंत्र अजून उत्तर दाखवते. ते काही खोटे नव्हते; फक्त त्या दिवशी मला दिशा नको होती, काठी हवी होती.