खेळ दुकानातून खिशात

सांगली जिल्ह्यातील शिराळा हे तालुक्याचे गाव आहे. त्याला बत्तीस शिराळा असेही म्हणतात. मोरणा नदीच्या काठचे हे गाव नागपंचमीच्या यात्रेसाठी दूरदूरपर्यंत प्रसिद्ध आहे. नागाचे नाव निघाले, की अनेकांना शिराळ्याची आठवण होते.

पण मुलांनो, आज आपण एका वेगळ्याच सापाची ओळख करून घेणार आहोत. हा साप बिळात राहत नाही आणि कोणाला चावतही नाही. तो पडद्यावर सरपटतो. आधी त्याचे घर म्हणजे दुकानातली एक मोठी पेटी होती. पुढे तो माणसांच्या खिशात येऊन राहिला. त्याचा हा प्रवास समजला, की गावोगावची व्हिडिओ गेमची दुकाने का बंद पडली, हेही समजते.

1972 साली अमेरिकेतील अटारी या कंपनीने 'पाँग' नावाचा खेळ तयार केला. पडद्यावर दोन उभ्या पट्ट्या आणि एक ठिपका, एवढाच तो खेळ. पट्टीने ठिपका पलीकडे टोलवायचा. पहिले यंत्र सनीव्हेल या गावातील एका बारमध्ये ठेवले होते. काही दिवसांतच ते बंद पडले. कारागिराने येऊन ते उघडले. पाहतो तर काय, नाण्यांची पेटी गच्च भरली होती! नवीन नाणे आत जायला जागाच उरली नव्हती.

1976 साली अमेरिकेतच 'ब्लॉकेड' हा खेळ आला. यात दोन खेळाडू असत. प्रत्येकाच्या बाणामागे एक रेघ वाढत जाई. जो भिंतीला किंवा रेघेला धडकेल, तो हरला. ही वाढत जाणारी रेघ म्हणजेच आपल्या सापाचा पूर्वज होय. त्यानंतर जपानमध्ये 1978 साली 'स्पेस इन्व्हेडर्स' आणि 1980 साली 'पॅकमॅन' हे खेळ निघाले व ते जगभर पसरले.

हे यंत्र चालते कसे? लाकडी पेटीत वरच्या बाजूला दूरदर्शन संचासारखा पडदा असतो. आत एक छोटा संगणक असतो. समोर एक दांडा आणि काही बटणे असतात. दांडा हलवला, की त्याच्या बुडाशी असलेली एखादी कळ दाबली जाते. त्यावरून संगणकाला दिशा कळते. फटीतून टाकलेले नाणेही जाता जाता अशीच एक कळ दाबते. मग संगणक एक डाव सुरू करतो.

दुकानदाराचे उत्पन्न नाण्यांवर अवलंबून असे. एकाच नाण्यावर कोणी तासभर खेळत बसला, तर दुकान चालणार कसे? म्हणून खेळ हळूहळू अवघड होत जाई आणि थोड्याच वेळात डाव संपे. 'स्पेस इन्व्हेडर्स'मध्ये तर एक गंमत झाली. पडद्यावरचे शत्रू जसजसे कमी होत, तसतसे संगणकाचे काम हलके होई आणि उरलेले शत्रू अधिक वेगाने धावू लागत. हा खेळ बनवणारे तोमोहिरो निशिकादो यांनी ती गोष्ट तशीच ठेवली. त्यामुळे खेळाला अधिकच रंगत आली.

भारतात 1980 नंतर आणि विशेषतः 1990 नंतर व्हिडिओ गेमची दुकाने वाढली. बस स्थानकाजवळ, चित्रपटगृहाशेजारी किंवा बाजारपेठेतल्या एखाद्या गाळ्यात दोन-चार यंत्रे मांडलेली असत. रुपया-दोन रुपयांत एक डाव मिळे. जपानच्या कॅपकॉम कंपनीने 1993 साली 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स' हा खेळ काढला. हे लांबलचक नाव आपल्याकडच्या मुलांच्या तोंडी कसे बसणार? त्या खेळात मुस्तफा नावाचा एक वीर होता. मुलांनी सगळ्या खेळालाच 'मुस्तफा' म्हणायला सुरुवात केली. आजही त्या पिढीतील माणसांना खेळाचे खरे नाव आठवत नाही, पण मुस्तफा पक्का आठवतो.

या दुकानांत खेळणारा एक आणि बघणारे पाच, असे चित्र दिसे. ज्याच्याजवळ नाणे नसे, तो मागे उभा राहून पाही. कोणत्या वळणावर शत्रू दबा धरून बसला आहे, कोणते बटण केव्हा दाबायचे, हे तो पाहूनच शिके. खेळाची माहिती पुस्तकात नव्हती. ती एकाच्या तोंडून दुसऱ्याच्या कानी जाई. आपली पाळी येईपर्यंत थांबावे लागे. हरल्यावर जागा सोडावी लागे.

अर्थात, सगळेच चांगले होते असे नाही. मुले शाळा बुडवून तेथे जात, खाऊचे पैसे तेथे घालवत, अशा पालकांच्या तक्रारी असत. काही ठिकाणी अशा यंत्रांवर जुगारही चाले. 1995 साली कर्नाटकातील एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की व्हिडिओ गेमच्या दुकानांना सरकार परवान्याची अट घालू शकते.

मग ही दुकाने बंद का पडली? त्याचे पहिले कारण म्हणजे संगणकाचे सुटे भाग स्वस्त झाले. जे यंत्र पूर्वी मोठ्या पेटीत मावत होते, ते घरच्या दूरदर्शन संचाला जोडता येईल एवढे लहान झाले. जपानच्या निन्टेन्डो कंपनीने 1983 साली असे यंत्र काढले. पुढे त्याच्या स्वस्त नकला भारतीय बाजारात आल्या. दुसरे कारण म्हणजे सायबर कॅफे. 1995 साली भारतात लोकांसाठी इंटरनेट सुरू झाले. नंतरच्या काळात मुले तासाचे पैसे देऊन संगणकावर खेळू लागली.

तिसरे आणि सर्वांत मोठे कारण म्हणजे मोबाइल फोन. 1997 साली फिनलंडच्या नोकिया कंपनीने आपल्या 6110 या फोनमध्ये 'स्नेक' म्हणजे 'साप' हा खेळ घातला. तो तानेली आर्मांतो यांनी तयार केला होता. साप खाद्य खाई आणि लांब होई. तो भिंतीला किंवा स्वतःच्या शेपटीला धडकला, की डाव संपे. 2003 साली नोकिया 1100 हा स्वस्त फोन आला. जगात असे 25 कोटींहून अधिक फोन विकले गेले. त्यातही साप होता. भारताच्या खेड्यापाड्यांत तो असा पोहोचला. त्याला ना नाणे लागे, ना दुकान.

2016 नंतर मोबाइलवरील इंटरनेट स्वस्त झाले आणि शेकडो खेळ फुकट मिळू लागले. गाळ्याचे भाडे, विजेचे बिल आणि यंत्राची दुरुस्ती हा खर्च दुकानदाराला परवडेना. जपानसारख्या देशातही हेच घडले. तेथील प्रसिद्ध सेगा कंपनी 2022 साली या धंद्यातून बाहेर पडली. आता अशी यंत्रे मुख्यतः मोठ्या शहरांतील मॉलमध्ये दिसतात. तेथे नाण्याऐवजी कार्ड चालते.

मुलांनो, या बदलात सोय झाली, हे खरे. परंतु नाणे संपले की खेळ संपे, ही मर्यादा मात्र गेली. फोनवरचे बरेच खेळ फुकट दिसतात, पण जाहिराती दाखवून किंवा खेळातल्या वस्तू विकून ते पैसे मिळवतात. आपण जितका वेळ खेळू, तितका त्यांचा फायदा. काही खेळांत तर पैसे लावले जाऊ लागले आणि त्यात अनेक घरांचे नुकसान झाले. म्हणून 2025 साली संसदेने कायदा करून पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली.

कायदा पैशांचा खेळ थांबवू शकतो. पण आपला वेळ आपणच सांभाळला पाहिजे. पूर्वी मागे उभा असलेला मुलगा म्हणे, "अरे, आता माझी पाळी!" आज तसे म्हणणारा कोणी मागे उभा नसतो. तेव्हा डाव केव्हा संपवायचा, हे ज्याचे त्यानेच ठरवायचे आहे. पडद्यावरचा साप खात राहतो, वाढत राहतो आणि शेवटी स्वतःच्याच शेपटीवर आदळतो. त्याला थांबता येत नाही. आपल्याला मात्र थांबता येते.