आयतं ताट, पण नक्की काय काय धरून?

आमच्या भिशीत परवा एक ठराव एकमताने पास झाला. यंदा जिथे कुठे जायचं, तिथे चहाचं आधणसुद्धा आपण ठेवायचं नाही!

याला कारण आहे, बरं का. मागे एकदा आम्ही सगळ्या कुटुंबकबिल्यासह कोकणात बंगला घेतला होता. 'स्वयंपाकघराची सोय' हे शब्द वाचून केवढं बरं वाटलं होतं, स्वस्तात काम होईल म्हणून. झालं काय, तर माणसं चौदा आणि पोळ्या लाटणाऱ्या आम्ही तिघी. समुद्र पाहिला तो खिडकीतून, कणीक मळता मळता. पुढच्या वर्षी शहाण्या होऊन 'सगळं धरून' असं रिसॉर्ट घेतलं. निघताना बिल हातात पडलं, तर त्यात संध्याकाळचा चहा वेगळा, पाण्याच्या बाटल्या वेगळ्या, पोहण्याच्या कपड्यांचं भाडं वेगळं. भिशीचे साठवलेले पैसे असे गेले की रात्रभर चुटपुट लागून राहते.

म्हणून या वेळी मी जरा खोलात शिरले. एका रकमेत राहणं, खाणं, खेळणं ही कल्पना जगभर गाजवली 'क्लब मेड' या कंपनीने. १९५० साली स्पेनच्या मायोर्का बेटावर त्यांनी चक्क तंबूंमध्ये सुरुवात केली. पुढे तर तिथले पाहुणे वरच्या किरकोळ खर्चासाठी पाकिटाऐवजी गळ्यात मणी घालून फिरायचे! आपल्याकडे मात्र 'सगळं'चा अर्थ प्रत्येक हॉटेलात निराळा. तो कळायला चार अक्षरं पुरतात. ईपी म्हणजे फक्त खोली. सीपी म्हणजे खोली आणि सकाळचा नाश्ता. एमएपी म्हणजे नाश्ता आणि एक जेवण. आणि एपी म्हणजे नाश्ता, दोन्ही जेवणं. बुकिंग करताना सरळ विचारायचं, "दर एपीचा की सीपीचा?" समोरचा माणूस एकदम नीट बोलायला लागतो, हा माझा अनुभव.

आता हिशोब. समजा, चौघांचं कुटुंब आहे. नाश्त्यासह खोली ३,५०० रुपये, आणि बाहेर जेवायचं तर माणशी ३५०, म्हणजे दोन वेळचे २,८००. एकूण ६,३००. दुसरीकडे एपीचा दर माणशी १,८००, म्हणजे ७,२००. फरक नऊशेचा. दिवसभर तिथेच लोळायचं असेल, मुलांना पाण्यात डुंबायचं असेल, तर नऊशे रुपयांत डोक्याची कटकट वाचते. पण सकाळी त्र्यंबकेश्वर, दुपारी वणीची देवी असा बेत असेल तर? दुपारचं जेवण आपण सोडणार आणि पैसे मात्र भरणार. देवदर्शनाच्या सहलीला सीपी पुष्कळ झालं. त्यातून एसटीत आपल्याला मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट, मग गाडी तरी कशाला करायची?

मुलांचा दर कितव्या वर्षापासून पूर्ण लागतो, हेही विचारून ठेवा. आणि सांगितलेला दर कर धरून आहे का? सप्टेंबर २०२५ च्या बदलानंतर दिवसाला साडेसात हजारांपर्यंतच्या खोलीवर ५ टक्के जीएसटी आहे, त्याच्या वर १८. म्हणजे ७,४०० ची खोली आणि ७,६०० ची खोली यांत फरक दोनशेचा नसतो, जवळजवळ बाराशेवर जातो!

खऱ्या अर्थाने 'सगळं धरून' असतं ते मला वाटतं कृषी पर्यटन केंद्रांत. राज्य सरकारचं त्यासाठीचं धोरण २०२० मध्ये आलं. नेरळच्या सगुणा बागेसारखी ठिकाणं तर त्याच्याही कितीतरी आधीपासून चालू आहेत. माणशी एक दर, त्यात नाश्ता, पिठलं-भाकरी-ठेचा, चहा, बैलगाडी, शिवारफेरी. थंडीत हुरडा. गार वाऱ्यात शेकोटीपाशी बसून कुणीतरी गरम हुरडा हातावर चोळून देतंय, याहून मोठी चैन मला तरी सुचत नाही. नाशिककरांनी जवळच राहायचं ठरवलं, तर गंगापूर धरणाजवळ एमटीडीसीचं ग्रेप पार्क रिसॉर्ट आहे. राज्याच्या २०२३ च्या 'आई' धोरणात महिला पर्यटकांसाठी सवलती आहेत, महिला दिनाच्या सुमारास जाणार असाल तर अवश्य चौकशी करा.

सासूबाई बरोबर असतील, तर खोली तळमजल्यावर आहे का, कमोड आहे का, हे दरापेक्षा आधी विचारायचं. चतुर्थीला उपवासाचं मिळेल का, हेसुद्धा. आमच्याकडे याच एका प्रश्नावर एक सहल बारगळली होती!

आणि एक सावधगिरी. "अभिनंदन मॅडम, तुम्हाला मोफत सहल लागली, नवऱ्यासोबत अमुक हॉटेलात या" असा फोन आला, तर तिथे बहुतेकदा कित्येक वर्षांची मेंबरशिप विकायला बसलेले असतात. जेवण फुकट, पण दोन-तीन तास सोडत नाहीत. वर्षाचा देखभाल खर्च निराळा, तो कुणी आपणहून सांगत नाही. त्या दिवशी सही करायची नाही, चेकबुक घरी ठेवून जायचं. कबूल केलेलं मिळालं नाही, तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते. जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंत मोजलेल्या रकमेच्या तक्रारीला फी लागत नाही. त्यासाठी काय काय मिळणार ते आधी लेखी, निदान मोबाइलवर मेसेजमध्ये तरी घेऊन ठेवा.

आमचं म्हणाल तर दिंडोरीकडचं एक शेतघर जवळपास ठरलंय, जानेवारीत, हुरड्याच्या वेळी. फोन स्पीकरवर ठेवून सगळे प्रश्न विचारून झाले. शेवटी आमच्यातल्या सगळ्यात मोठ्या काकूंनी विचारलं, "भाकऱ्या कोण करतं हो तुमच्याकडे?"

"माझी मिसेस आणि आई."

"मग रात्रीच्या पंगतीत त्याही बसतील आमच्याबरोबर. वाढायचं तुम्ही."

पलीकडून हसू आलं. "चालेल," म्हणाले. दुसऱ्या दिवशी आम्ही ॲडव्हान्स पाठवला.