नोकरी शोधण्याचा खर्च : आयकरात वजावट नाही, पण परत मिळणारी फी सोडू नका

पोरगं पदवीधर झालं की घरात फॉर्म भरण्याचा हंगाम सुरू होतो. हा हंगाम खरीप-रब्बीसारखा संपत नाही, बारा महिने चालतो. फॉर्मची फी, फोटो, झेरॉक्स, एस.टी.चे भाडे, परीक्षेच्या गावी राहणे-जेवणे, शिवाय क्लासची फी. कांदा किंवा सोयाबीन विकून आलेले पैसे यातच जिरतात.

२०२३ सालची तलाठी भरती आठवा. ४,६४४ जागांसाठी दहा लाखांवर अर्ज आले. खुल्या प्रवर्गाला फी १,००० रुपये आणि राखीव प्रवर्गाला ९०० रुपये होती. समजा, एका मुलाने वर्षात असे चार फॉर्म भरले, तर नुसत्या फीपोटीच चार हजार जातात. साहजिकच बाप विचारतो, "साहेब, एवढा खर्च झाला, तो आयकरातून वजा होतो का?"

उत्तर सरळ आहे. होत नाही.

कायदा काय सांगतो?

पगारातून काय वजा करायचे, ते कायद्याने ठरवून दिले आहे. नोकरदाराला ठोक रकमेची प्रमाणित वजावट मिळते. जुन्या करपद्धतीत ती ५०,००० रुपये आहे आणि नव्या पद्धतीत २०२४-२५ पासून ७५,००० रुपये आहे. तिला पावत्या लागत नाहीत. पण नोकरी शोधण्याच्या खर्चाला वेगळी वजावट नाही. क्लासची फीही त्यात बसत नाही.

परदेशात तऱ्हा निराळी. जर्मनीत अर्जाचा आणि मुलाखतीच्या प्रवासाचा खर्च करातून वजा मागता येतो. नोकरी मिळाली नाही तरी चालते. अमेरिकेत २०१७ पर्यंत अशी वजावट होती, मात्र ती त्याच धंद्यातली दुसरी नोकरी शोधणाऱ्याला. पहिली नोकरी शोधणाऱ्या पोराला तिथेही काही मिळत नव्हते. २०१८ पासून ती थांबवली आणि २०२५ च्या कायद्याने कायमची बंद केली.

वजावट मिळाली असती तर?

आपल्याकडे अशी वजावट आणली, तरी शेतकऱ्याच्या पदरात फारसे पडणार नाही. वजावट म्हणजे सरकारने पैसे परत देणे नव्हे. ज्या उत्पन्नावर कर बसतो, तेवढे उत्पन्न कमी धरणे. फी भरतो बाप, तीही शेतीच्या पैशातून. शेती उत्पन्नावर आयकर नाही. मग वजा कशातून करणार?

बरे, पोराला नोकरी लागली असे धरू. तलाठ्याचे सुरुवातीचे मूळ वेतन २५,५०० रुपये. नव्या पद्धतीत २०२५-२६ पासून वर्षाला पावणेतेरा लाखांपर्यंतच्या पगारावर आयकर लागत नाही. कर शून्य, तर वजावटीचा फायदाही शून्य. म्हणून सवलत द्यायची तर ती फीमध्येच द्यायला हवी.

खरी सवलत कुठे आहे?

रेल्वे भरती मंडळाने २०१८ पासून चांगला पायंडा पाडला आहे. पहिल्या संगणकीय परीक्षेला हजर राहिल्यास ५०० रुपयांच्या फीतले ४०० रुपये परत मिळतात. अनुसूचित जाती-जमाती, महिला, माजी सैनिक यांची २५० रुपयांची फी बँकेचा आकार वजा होऊन पूर्ण परत येते. त्यासाठी फॉर्मात खाते क्रमांक बिनचूक लिहा. अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवारांना परीक्षेला जाण्यासाठी रेल्वेचा मोफत पासही मिळतो.

केंद्रीय लोकसेवा आयोग आणि कर्मचारी निवड आयोग यांच्या परीक्षांना महिला, अनुसूचित जाती-जमाती व दिव्यांग यांना फी माफ आहे. बार्टी, सारथी, महाज्योती या संस्था पात्र मुलांना स्पर्धा परीक्षेचे मोफत प्रशिक्षण देतात. त्यांच्या जाहिरातींवर नजर ठेवा.

नोकरी लागल्यावर

शिक्षणासाठी बँकेचे कर्ज काढले असेल, तर त्याचे व्याज जुन्या करपद्धतीत आठ वर्षे वजा होते. मुद्दल होत नाही. सात-बारा पोराच्या नावावर असेल, तर शेतीचे उत्पन्न विवरणपत्रात दाखवावे लागते. त्यावर कर नसला, तरी बाकीच्या उत्पन्नाचा दर ठरवताना ते धरले जाऊ शकते.

"खोटी वजावट दाखवून रिफंड काढून देतो" म्हणणाऱ्या एजंटाला दारातूनच परत पाठवा. खोटी माहिती देऊन कर बुडवल्याचे उघड झाले, तर बुडवलेल्या कराच्या दुप्पट दंड बसू शकतो. तो एजंट भरत नाही, पोरालाच भरावा लागतो.

गावच्या तलाठी-ग्रामसेवकांनाही एक विनंती. फीची सवलत दाखल्यावर अवलंबून असते, आणि फॉर्मची मुदत कुणासाठी थांबत नाही. उत्पन्नाचा, जातीचा, नॉन-क्रिमीलेअरचा दाखला निघायला तुमचा अहवाल लागतो. तो वेळेत गेला, तर गरिबाच्या घरातले शे-पाचशे रुपये वाचतात. राज्याच्या भरतीतही परीक्षेला बसणाऱ्याला फी परत मिळावी, असा ठराव ग्रामसभेत घ्यायला हरकत नाही. रेल्वेला जमते, ते राज्याला का जमू नये?