आवाजातून मोबाइलवर येणारा ईसीजी: घरी वापरताना काय लक्षात ठेवाल?

वडिलांच्या छातीत मधूनच धडधडते. कनेरगाव नाक्याहून हिंगोलीला किंवा वाशीमला पोहोचेपर्यंत धडधड थांबते आणि ईसीजी नॉर्मल येतो. अशा वेळी डॉक्टर कधीकधी घरी वापरायचे छोटे ईसीजी यंत्र सुचवतात. अलाइव्हकोर कंपनीचे 'कार्डियामोबाइल' हे त्यातलेच एक.

हे यंत्र काम कसे करते?

दोन्ही हातांची बोटे यंत्राच्या दोन पट्ट्यांवर ठेवली, की हृदयाचे विजेचे संकेत यंत्राला मिळतात. यंत्र त्यांचे सुमारे १९,००० हर्ट्झच्या अतिशय बारीक आवाजात रूपांतर करते. संकेतांच्या चढउतारानुसार हा आवाज किंचित उंच-नीच होतो. फोनचा माइक तो टिपतो आणि ॲप त्यावरून ईसीजी काढते. मोठ्या माणसांना हा आवाज सहसा ऐकू येत नाही. त्याचा शरीराला त्रास नाही. यंत्रापासून फोनपर्यंत माहिती पोहोचायला ब्लूटूथही लागत नाही. मात्र काही नवी मॉडेल्स ब्लूटूथवर चालतात; तुमचे कोणते आहे ते पाहून घ्या.

रेकॉर्डिंग नीट येण्यासाठी

• ॲपला माइक वापरण्याची परवानगी द्या.
• टीव्ही, पंखा, मिक्सर बंद करा.
• यंत्र फोनच्या माइकजवळ ठेवा. माइक कव्हरने किंवा बोटाने झाकू नका.
• हात टेबलावर सैल टेकवा आणि ३० सेकंद बोलू किंवा हलू नका.
• बोटे कोरडी पडली असतील तर किंचित ओली करा.
• पेसमेकर बसवलेला असेल तर वापरण्याआधी डॉक्टरांना विचारा.

धडधड सुरू असतानाच रेकॉर्डिंग घ्या, वेळ लिहून ठेवा आणि ते डॉक्टरांना दाखवा. स्वतःहून गोळ्या सुरू किंवा बंद करू नका.

यातून काय कळत नाही?

हे यंत्र हृदयाकडे एकाच बाजूने पाहते. एट्रियल फिब्रिलेशनसारखी ठोक्यांची अनियमितता त्यात दिसू शकते, पण हार्ट अटॅक आहे की नाही हे त्यावरून ठरत नाही. त्यासाठी दवाखान्यातला १२ लीडचा ईसीजी आणि रक्ततपासणी लागते.

म्हणून छातीत दुखणे किंवा दडपण, दरदरून घाम, दम लागणे, चक्कर येऊन पडणे यापैकी काही झाले, तर यंत्र शोधत बसू नका. ॲपवर 'नॉर्मल' दिसले तरी थांबू नका. लगेच १०८ वर फोन करा.