शेवटचा उरलेला किंगॅम्बिट

समोरच्याचे पाच पोकेमॉन गेले, माझेही पाच गेले. त्याच्याकडे उरला किंगॅम्बिट, माझ्याकडे ग्रेट टस्क, तोही जेमतेम वीस टक्क्यांवर. टस्क जास्त चपळ आणि त्याचा क्लोज कॉम्बॅट किंगॅम्बिटला चौपट लागतो. म्हणजे एक घाव नि खेळ खलास. पण किंगॅम्बिटकडे सकर पंच आहे. तुम्ही हल्ला निवडलात की तो तुमच्या आधी मारतो, हल्ला नाही निवडलात तर त्याची चाल फुकट जाते. मग मी स्टेल्थ रॉक टाकून हूल द्यायची? पण त्याने नेमका तेव्हाच साधा वार केला तर? माउसवर बोट ठेवून मी अर्धा मिनिट तसाच बसलो. शेवटी हल्ला केला, आणि सकर पंच खाल्ला.

पोकेमॉन शोडाउनवर नव्या नावाने, एक हजारच्या रेटिंगपासून चढत मी या लढती खेळत होतो, किंगॅम्बिटवर बंदी घालायची का, यावरच्या मताच्या हक्कासाठी. सहा विरुद्ध सहा एकेरी लढतींचे, स्मॉगन या खेळाडूंच्या संकेतस्थळाचे नियम गेम बनवणाऱ्या कंपनीचे नाहीत, खेळणाऱ्यांनीच घडवलेले आहेत. एखादा पोकेमॉन डोईजड होतोय अशी कुरकुर वाढली की ‘सस्पेक्ट टेस्ट’ लागते. ठरलेल्या लढती खेळून ठरलेला जीएक्सई, म्हणजे कुठल्याही सोम्यागोम्याविरुद्ध तुम्ही जिंकण्याची अंदाजे टक्केवारी, गाठली तरच मत देता येतं. बंदीसाठी 60 टक्के मतं लागतात. गल्लीतल्या क्रिकेटमध्ये ‘देसायांच्या गॅलरीत गेला तर आउट’ हे ज्याची बॅट तो ठरवायचा, त्या मानाने ही फारच सोज्वळ पद्धत.

आता किंगॅम्बिटचा गुन्हा काय? त्याची सुप्रीम ओव्हरलॉर्ड ही क्षमता. जितके साथीदार पडले तितके दहा-दहा टक्के जोर वाढतो. पाच पडले की दीडपट. सकर पंचची मूळ ताकद 70, स्वतःच्या प्रकाराची चाल म्हणून दीडपट, त्यावर हे दीडपट. झाले 157. टेरास्टलाइझ होऊन, म्हणजे लढतीत एकदाच मिळणारी प्रकार बदलायची संधी वापरून, पुन्हा डार्कच झाला तर 210. स्वतः इतका मंद प्राणी, पण डावाच्या शेवटी सगळ्यांच्या आधी मारतो.

बंदीवाल्यांचं म्हणणं असं, की वीस-पंचवीस टर्न डोकं लावायचं आणि शेवटी छापा-काटा करायचा, याला खेळ कशाला म्हणायचं? विरोधक म्हणतात, सकर पंच फार तर आठदा वापरता येतो, तेवढ्या वेळा हूल द्या, किंवा त्याला शेवटपर्यंत राहूच देऊ नका. मला पहिली बाजू पटली होती. नुकता हरलेला माणूस बंदीच्याच बाजूचा असतो.

तिसरा एक सूर असतो: पोकेमॉन ठेवा, फक्त ती क्षमता काढा. असल्या जोडतोडीला जुने खेळाडू बिचकतात. गेमच्या पाचव्या पिढीत ड्रिझल (पाऊस पाडणारी क्षमता) आणि स्विफ्ट स्विम (पावसात वेग वाढवणारी) एकाच संघात नको, असा नियम केला होता. पाऊस आवरला, पण ‘मग आमच्याही लाडक्याला अशीच सवलत द्या’ म्हणणाऱ्यांची रांग लागली. सरळ नाव घेऊन बाहेर काढणं निर्दयी खरं, पण नियम एका ओळीत मावतो. मला तेच बरं वाटतं.

अकरावीतल्या भाच्याला मी त्या लढतीचा रिप्ले तावातावाने दाखवला. त्याने शेवटचा टर्न पाहिलाच नाही. मागे नेत नवव्या टर्नला थांबला.

“मामा, इथे हरलास तू. खाली स्पाइक्स पसरलेत आणि तू टस्कला उगाच आत आणलंस. बाराव्या टर्नला परत तेच.”

स्पाइक्सचा एक थर दर वेळी आठवा हिस्सा खातो. दोनदा म्हणजे पाव. कॅलक्युलेटर उघडून आकडे घातले. फायटिंग प्रकाराला डार्कचा मार निम्माच लागतो. वीसऐवजी पंचेचाळीस टक्के असते तर सकर पंच खाऊनही टस्क उभा राहिला असता आणि पुढच्या क्षणी किंगॅम्बिट गेला असता. छापा-काटा करायची वेळच आली नसती.

“पण त्याने टेरा केला असता तर?” मी म्हटलं.

“केला होता का?”

नव्हता. टेरा त्याने आधीच दुसऱ्यावर खर्चला होता.

माझा जीएक्सई शेवटपर्यंत थोडक्यात कमीच पडला. भाच्याचा भरला, त्याने ‘बंदी नको’ला मत दिलं. किंगॅम्बिट ओयूत, म्हणजे आम्ही खेळतो त्या गटात, राहिला. परवा पुन्हा समोर आला, शेवटचा उरलेला. या वेळी टस्क मी स्पाइक्सवर एकदाच आणला होता.