जोडीत आधी नाव कोणाचे?

हिंगोलीच्या आमच्या जुन्या घरात आजी-आजोबांचा फोटो आहे. आजोबा फेटा बांधून खुर्चीत, आजी शेजारी उभी. बसण्याचा मान राजाचा. फोटोत तो घरधन्याला मिळाला.

अशा जोड्यांचा विचार करताना मला नाणेघाट आठवतो. जुन्नरहून कोकणात उतरणाऱ्या त्या वाटेवरच्या लेण्यात, दोन हजार वर्षांपूर्वी, सातवाहन घराण्यातल्या व्यक्तींच्या मूर्ती कोरल्या होत्या. त्या नष्ट झाल्या. वरची ब्राह्मी लिपीतली नावे तेवढी राहिली. सिमुक सातवाहनानंतरचे नाव जोडीचे आहे: ‘देवी नायनिका आणि राजा श्री सातकर्णी’. राणी आधी, राजा नंतर.

आपल्या लग्नपत्रिकेतही ‘सौ. व श्री.’ असते, पण ‘सौ.’पुढे तिचे नाव नसते. इथे आहे. शिवाय त्याच रांगेत महारठी त्रणकयिर आहे. अभ्यासक त्याला नायनिकेचा, म्हणजेच नागनिकेचा, पिता मानतात. सासरच्या राजघराण्यात माहेरचा माणूस! मला हे नुसते पितृप्रेम वाटत नाही. महारठी हे प्रबळ सरदार. त्यांच्या पाठबळाची ती जाहीर नोंद आहे.

बाजूच्या भिंतींवरच्या लेखात अश्वमेधासह अनेक यज्ञ आणि दक्षिणेत दिलेल्या गाई, घोडे, हत्ती, कार्षापणे यांची मोजदाद आहे. तिथेच राणीचे दुसरे रूपही दिसते: महिना-महिना उपवास करणारी, घरात राहून तापसीसारखे जगणारी विधवा. राजपुत्र लहान असताना कारभार तिच्याकडे होता, असे बहुतेक इतिहासकार मानतात. मग हे व्रतस्थपणही, छत्रचामरासारखेच, अधिकाराचे चिन्ह ठरते.