१४५३च्या आधीचं प्रबोधन

युरोपीय प्रबोधनाचा विषय निघाला की १४५३ हे साल हमखास पुढे येतं. त्या वर्षी ऑटोमन तुर्कांनी कॉन्स्टॅन्टिनोपल जिंकलं, तिथले विद्वान ग्रंथ घेऊन इटलीत आले आणि प्राचीन विद्या जागी झाली, असं सांगितलं जातं. सालांचा मेळ घातला की हे टिकत नाही. पेट्रार्कला सिसेरोची पत्रं व्हेरोनात सापडली १३४५ मध्ये. मॅन्युएल क्रायसोलोरास हा बायझंटाइन पंडित फ्लॉरेन्समध्ये ग्रीक शिकवू लागला १३९७ मध्ये, तेही त्या नगरराज्याने रीतसर बोलावल्यावरून. १४५३ नंतर आलेल्यांनी मोलाची भर घातली, पण पाया तोवर घातला गेला होता.

मध्ययुगीन युरोप प्राचीन ग्रंथ विसरला होता, हा दुसरा समज. इटालियन विद्वान पोज्जो ब्राच्चोलिनीला १४१६ मध्ये रोमन वक्तृत्वगुरू क्विंटिलियनचा संपूर्ण ग्रंथ मिळाला तो सेंट गॉलच्या मठात. मठांतल्या साधूंनी पिढ्यान्‌पिढ्या नकला केल्या, म्हणून शोधायला काही उरलं. ॲरिस्टॉटल तर तेराव्या शतकातच विद्यापीठांत शिकवला जात होता. त्या काळावर मारलेला ‘अंधारयुगा’चा शिक्का मला अन्यायाचा वाटतो.

नवी होती ती वाचण्याची रीत. सम्राट कॉन्स्टंटाइनने पश्चिमेची सत्ता पोपला दिली, असं सांगणारं एक दानपत्र शतकानुशतकं खरं मानलं जात होतं. १४४० मध्ये इटालियन विद्वान लोरेन्झो व्हाल्लाने त्यातली लॅटिन भाषाच तपासली. चौथ्या शतकातल्या रोमच्या दस्तऐवजात ‘सत्रप’, म्हणजे प्राचीन इराणी सुभेदार, कुठून आले, असा त्याचा सवाल होता. शब्दप्रयोग त्या काळाचे नाहीत, म्हणून दानपत्र बनावट, असा निष्कर्ष त्याने काढला. व्हाल्ला तेव्हा पोपशी झगडणाऱ्या राजा आल्फोन्सोच्या पदरी होता, हे खरं. पण म्हणून त्याचे पुरावे कच्चे ठरत नाहीत. जुना कागद पूज्य न मानता त्याची भाषा आणि काळ पारखायचा, ही या चळवळीची सर्वांत मोठी देणगी, असं मी मानतो.

यावरून ही मंडळी धर्मविरोधी होती असं वाटेल, पण तसं नाही. याच व्हाल्लाला पुढे पोप निकोलस पाचवे यांनी आपल्या दरबारी नोकरी दिली आणि थुसिडिडीसचा इतिहास लॅटिनमध्ये आणण्याचं काम सोपवलं. व्हाल्लाची बायबलवरची टिपणं डच विद्वान इरॅस्मसने १५०५ मध्ये छापून घेतली. १५१६ मध्ये त्याने नव्या कराराची ग्रीक संहिता लॅटिन भाषांतरासह प्रसिद्ध केली, ती पोप लिओ दहावे यांना अर्पण करून.